तळातून तिसरं घर

खेळांचं कन्सोल हातात धरलं की त्यातला कनेक्ट फोर अगदी पोरखेळ वाटतो. सात उभे रकाने, प्रत्येकात सहा घरं, एकूण ४२. आळीपाळीने चकती सोडायची, ती घरंगळत तळाशी किंवा आधीच्या चकतीवर जाऊन बसते. आडव्या, उभ्या किंवा तिरक्या ओळीत आपल्या चार लागल्या की डाव आपला. फुल्लीगोळ्याचा थोरला भाऊ म्हणा हवं तर. 'सोप्या' पातळीवर मी सहज जिंकत होतो. 'कठीण' निवडलं आणि लागोपाठ इतके डाव हरलो, की शेवटी कन्सोल बाजूला ठेवून कागद-पेन्सिल घेतली.

पहिली गोष्ट कागदावर लगेच सापडते. या पटावर चारांच्या ओळी एकंदर ६९ लागू शकतात : २४ आडव्या, २१ उभ्या, २४ तिरक्या. रुंदी सातच घरांची असल्यामुळे आडवी किंवा तिरकी कुठलीही ओळ मधला रकाना ओलांडल्याशिवाय पुरी होत नाही. त्या ४८ आणि मधल्या रकान्यातल्या ३ उभ्या धरल्या, तर ६९पैकी ५१ ओळी मधल्या रकान्यातून जातात. मधे घर मिळवा, असं जाणते खेळाडू सांगतात ते यासाठी.

सोपी पातळी का हरते, हेही तिथेच कळतं. पहिली चकती तळाशी मधोमध टाका. प्रतिस्पर्ध्याने तिच्या डोक्यावर टाकली की तुम्ही शेजारी, तळाशीच दुसरी टाका. दोन्ही बाजू मोकळ्या आहेत. आता त्याने अडवलं नाही तर तिसरी लागते आणि मग दोन्ही टोकं उघडी राहतात. एक अडवाल, दुसऱ्याचं काय? हे संकट वेळेवर दिसायला यंत्राला चार चाली पुढे पाहावं लागतं : त्याची, माझी, त्याची, माझी. दोन-तीन चालींवर ज्याची नजर संपते ते यंत्र दर वेळी त्याच खड्ड्यात पडतं.

पुढे पाहणं म्हणजे यंत्राच्या लेखी निव्वळ मोजदाद. दर वेळी सात चाली शक्य, त्या प्रत्येकीला सात उत्तरं. सहा चालींपर्यंत गेलं की १,१७,६४९ शेवट तपासावे लागतात. यात वाचवायची युक्ती जुनी आहे. एखादी चाल केली की समोरचा लगेच जिंकतो, एवढं एकदा कळलं की त्याची बाकीची सहा उत्तरं तपासत कशाला बसायचं? ती फांदीच छाटायची. या छाटणीला अल्फा-बीटा म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ आणि रोनाल्ड मूर यांनी १९७५ साली तिचं गणित नीट मांडलं. चांगल्या चाली आधी तपासल्या गेल्या, तर सगळ्यात अनुकूल परिस्थितीत त्या १,१७,६४९ शेवटांऐवजी ६८५ पाहून भागतं. म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे मधला रकाना आधी तपासायला लावतात. पुन्हा तेच ५१ आणि ६९.

चार लागल्या का, हे यंत्र कसं ओळखतं? एकेक घर चाचपत बसलं तर वेळ जातो. त्याहून देखणी रीत अशी : आपल्या चकत्यांचं चित्र पारदर्शक कागदावर उतरवा आणि तो कागद एक रकाना सरकवून मूळ चित्रावर ठेवा. जिथे चकतीवर चकती आली, तिथे शेजारी-शेजारी दोन आहेत. आता फक्त या जोड्यांचं चित्र घ्या आणि ते दोन रकाने सरकवा. जोडीवर जोडी आली की चार लागल्या! यंत्रात कागदाऐवजी शून्य-एकची लांबलचक संख्या असते. प्रत्येक रकान्याला सहाऐवजी सात जागा देतात, वरची कायम रिकामी. ती नसती तर एका रकान्याचं वरचं टोक पुढच्याच्या तळाला चिकटून भलत्याच ओळी लागलेल्या दिसल्या असत्या. आता सात जागा सरकवलं की आडवी तपासणी, एक जागा सरकवलं की उभी, सहा आणि आठ सरकवलं की दोन तिरक्या. मला तर खेळापेक्षा हाच भाग जास्त आवडला.

पहिली हातातली यंत्रं किती तुटपुंज्या सामग्रीवर चालत ते पाहिलं की नवल वाटतं. मिल्टन ब्रॅडली कंपनीने १९७४मध्ये कनेक्ट फोर बाजारात आणला आणि पाचच वर्षांनी त्याच कंपनीने मायक्रोव्हिजन काढलं. कार्ट्रिज, म्हणजे खेळाची डबी, बदलून वेगवेगळे खेळ खेळता येतील असं ते पहिलं हातातलं कन्सोल. त्याच्या कार्ट्रिजांमध्ये कनेक्ट फोर होताच. पडदा १६ गुणिले १६ ठिपक्यांचा, स्मृती ६४ बाइट (एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे शून्य-एकच्या आठ जागा) आणि प्रोसेसर चक्क कार्ट्रिजमध्येच. पट लक्षात ठेवायला एवढी स्मृती पुरून उरते, कारण कुठलीही स्थिती ४९ बिटांत मावते. पण शक्य स्थिती आहेत ४५,३१,९८,५२,१९,०९२, म्हणजे साडेचार लाख कोटींहून जास्त. त्यांची उत्तरं पाठ करून बसणं अशा यंत्राच्या आवाक्याबाहेरचं.

मग हा खेळ सुटला कसा? ऑक्टोबर १९८८मध्ये जेम्स ॲलन आणि व्हिक्टर ॲलिस या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे, पंधरा दिवसांच्या अंतराने तो सोडवला. दोन्ही खेळाडूंनी अचूक खेळ केला असं धरलं, तर पहिली चकती मधल्या रकान्यात टाकणारा जिंकतो, फार तर ४१व्या चकतीला. मधल्याच्या लगतच्या रकान्यांत सुरुवात केली तर बरोबरी. त्याबाहेरच्या चार रकान्यांत केली तर दुसरा जिंकतो. ॲलिसने आपल्या प्रोग्रॅमला नुसती मोजदाद शिकवली नव्हती, काही नियमही शिकवले होते. माझ्या उपयोगी पडला तो त्यांच्या मुळाशी असलेला सम-विषमाचा हिशेब.

प्रत्येक रकान्यात सहा घरं आहेत आणि सहा ही सम संख्या. समजा, एक रकाना सोडून बाकी सगळा पट भरला. ३६ चकत्या पडल्या, म्हणजे पाळी पहिल्या खेळाडूची. उरलेल्या रकान्यात तळातून पहिलं घर त्याचं, दुसरं समोरच्याचं, तिसरं पुन्हा त्याचं. थोडक्यात, शेवटाला विषम घरं पहिल्याच्या वाट्याला येतात आणि सम घरं दुसऱ्याच्या. त्यामुळे पहिल्याने आपली जिंकून देणारी चौथी चकती तिसऱ्या किंवा पाचव्या घरात अडकवून ठेवावी आणि दुसऱ्याने दुसऱ्या, चौथ्या किंवा सहाव्या घरात. अशा अडकलेल्या घराच्या लगेच खाली चकती टाकायला कुणीच राजी नसतं, कारण मग ते घर समोरच्याला मिळतं. पण बाकीची घरं संपली की कुणाला तरी टाकावीच लागते. बुद्धिबळात याला झुगझ्वांग म्हणतात : चाल करणं हाच तोटा, आणि न करण्याची मुभा नाही.

दुसऱ्या खेळाडूने मग दर वेळी पहिल्याच्या डोक्यावर चकती टाकत जावं, सगळी सम घरं आपोआप मिळतील, असं वाटू शकतं. मी करून पाहिलं. समोरच्याने तळाशी सरळ चार लावल्या आणि डाव संपला. हिशेब शेवटाचा आहे, तोवर तग धरायला हवा. गोमोकूसारख्या पाच लावायच्या खेळात चकती कुठेही ठेवता येते, तिथे हा हिशेब लागूच पडत नाही.

मग 'कठीण' पातळीवर, पहिली चाल घेऊन पुन्हा बसलो. १७व्या चकतीला तळातून तिसऱ्या आडव्या ओळीत तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रकान्यातली घरं माझी झाली. यंत्राने लगेच दुसऱ्या रकान्यातलं घर अडवलं. सहावा रकाना पूर्ण रिकामा होता. तिथलं तिसरं घर मला हवं होतं, पण आधार नसल्याने तिथे ना मी पोचू शकत होतो, ना ते. यंत्राने निवांतपणे दुसरीकडे मोर्चा वळवला. सहा-सात चाली पुढे पाहणाऱ्या प्रोग्रॅमला इथे काहीच दिसत नाही, कारण निकाल लागणार ३९व्या चकतीला, २२ चालींनी. सम-विषम तपासणारा एखादा नियम त्यात घातला असता तर माझी डाळ शिजली नसती.

त्यानंतर मी फक्त दोन गोष्टी सांभाळल्या. त्याच्या तीन लागल्या की अडवायचं, आणि सहाव्या रकान्यातल्या दुसऱ्या घराला हात लावायचा नाही. तळाचं घर कुणी केव्हा भरतं याने फरक पडत नव्हता, दुसरं घर भरायची पाळी फिरून यंत्रावरच येणार होती. बाकीचे सहा रकाने काठोकाठ भरले. मी सहाव्याच्या तळाशी चकती सोडली. आतापर्यंत झटपट खेळणाऱ्या यंत्राला आता एकच रकाना उरला होता, तिथे त्याने निमूटपणे आपली टाकली. मी बटण दाबलं.