२३० अंशांचं तेल शंभराच्या आत कसं निघतं?

रोशा या सुगंधी गवताच्या तेलाच्या बाटलीवर ‘केमिकलविरहित’ असं छापणं चूक आहे. या तेलाचा ७५ ते ९० टक्के भाग जिरॅनिऑल या एकाच रसायनाचा असतो आणि गुलाबासारखा वास येतो तो त्याचाच. हेच रसायन गुलाबाच्या अत्तरातही असतं. म्हणून तर एकोणिसाव्या शतकात खानदेशातलं रोशा तेल मुंबईमार्गे कॉन्स्टँटिनोपलला (आजचं इस्तंबूल) जाई आणि तिथे गुलाबतेलात मिसळलं जाई.

रोशा गवत मोतिया जातीचं हवं. सोफिया ही दुसरी जात दिसायला तशीच, पण तिच्या तेलात जिरॅनिऑल बरंच कमी.

आता खरी गंमत. जिरॅनिऑल उकळतं २३० अंश सेल्सिअसला, मग शंभर अंशांच्या वाफेवर ते गवतातून निघतं कसं? ‘वाफ तेलाला ओढून नेते’ या उत्तराने काहीच उलगडत नाही. द्रवाच्या वाफेचा दाब, म्हणजे बाष्पदाब, हवेच्या दाबाइतका झाला की द्रव उकळतो. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघांचे बाष्पदाब वेगवेगळे राहतात आणि त्यांची बेरीज होते. हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा. ९९.८ अंशांना पाण्याचा दाब सुमारे ७५५ आणि जिरॅनिऑलचा जेमतेम ५. बेरीज भरली, उकळी फुटली, तीही शंभराच्या आत! पाच मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण जिरॅनिऑलचा रेणूभार, म्हणजे एका रेणूचं तुलनात्मक वजन, १५४ आणि पाण्याचा १८. त्या हिशेबाने १०० ग्रॅम वाफेमागे साडेपाच ग्रॅम तेल यायला हवं. प्रत्यक्षात बरंच कमी येतं, कारण पानाच्या आतून पृष्ठभागापर्यंत झिरपायला तेलाला वेळ लागतो.

म्हणून भट्टीवर घाई चालत नाही. गवत फुलोऱ्यात कापून सावलीत थोडं सुकवावं. ओला ढीग तापतो आणि कुजतो. डेगेत, म्हणजे भट्टीवरच्या मोठ्या भांड्यात, ते जाळीवर, पाण्याला न टेकता, सगळीकडे सारखं दाबून भरावं. कुठे पोकळी राहिली तर वाफ तेवढ्याच वाटेने निसटते आणि बाकीचं गवत तसंच राहतं. तळचं पाणी आटलं तर तेलाला जळकट वास लागतो. थंड करायची नळी पुरेशी गार नसेल तर तेल वाफेबरोबर हवेत जातं. एवढं सांभाळून १०० किलो गवतामागे साधारण अर्धा किलो तेल हाती येतं.

अंगाला लावायचं तर १०० मिलिलिटर खोबरेल तेलात १ मिलिलिटर पुरे. नुसतं लावू नये. हवेतल्या ऑक्सिजनने जिरॅनिऑल बदलतं आणि त्यातून बनणारी संयुगं त्वचेला जास्त त्रास देतात. त्यामुळे अर्धी झालेली बाटली लहान गडद बाटलीत ओतून काठोकाठ भरून ठेवावी.