वनस्पतींतील संप्रेरकांचे मापन: पार्श्वभूमी

1920च्या दशकात ओटच्या कोंबाचे टोक छाटून ते अगारच्या (जेलीसारख्या पदार्थाच्या) तुकड्यावर ठेवत आणि अगारमध्ये उतरलेले ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक दुसऱ्या कोंबाला किती वाकवते, ते अंशांत मोजत. जिबरेलिन या संप्रेरकासाठी बुटका मका, सायटोकायनिन या संप्रेरकासाठी तंबाखूचा कॅलस (अविभेदित पेशींचा गोळा) अशा जैवचाचण्या, म्हणजे जिवंत ऊतीच्या प्रतिसादावरून मोजण्याच्या पद्धती, पुढे रूढ झाल्या. अर्कातील वाढरोधक द्रव्येही त्याच कोंबावर परिणाम करीत असल्याने, हाती येणारा आकडा नेमका कशाचा, हे ठरत नसे. 1950च्या दशकाच्या अखेरीस गॅस क्रोमॅटोग्राफी (वायुरूप मिश्रणातील घटक वेगळे करण्याची पद्धत) या कामात आली आणि इथिलीन या वायुरूप संप्रेरकापुरता हा प्रश्न सुटला. बाकी संप्रेरकांची खात्रीशीर ओळख तिला मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंचे वस्तुमान मोजून ओळख पटवण्याची पद्धत) जोडल्यावर शक्य झाली, मात्र त्यासाठी अर्काचे लांबलचक शुद्धीकरण करावे लागे.

1980च्या दशकात प्रतिपिंडांवर आधारलेल्या एलायझा चाचण्या स्वस्त आणि झटपट म्हणून वेगाने पसरल्या. कच्चा अर्क थेट वापरावा का, हा त्यांच्याभोवतीचा खरा वाद होता. ॲबसिसिक आम्ल या संप्रेरकाचा रेणू प्रथिनाला कार्बॉक्सिल गटातून जोडून प्रतिपिंडे तयार केली, तर ती मुक्त आम्ल आणि त्याचे ग्लुकोजला जोडलेले रूप (ग्लुकोज एस्टर) दोन्ही पकडतात. कीटोन गटातून जोडल्यास कार्बॉक्सिल गट मोकळा राहतो आणि प्रतिपिंडे प्रामुख्याने मुक्त आम्लच ओळखतात. म्हणजे एकाच पानाचे दोन आकडे निघू शकत आणि दोन्ही ‘ॲबसिसिक आम्ल’ याच नावाने छापले जात. त्यात फिनॉलसारखी द्रव्येही अडथळा आणत. अर्क टप्प्याटप्प्याने पातळ करून त्याची रेषा प्रमाण (ज्ञात तीव्रतेच्या) द्रावणाच्या रेषेला समांतर येते का, ही चाचणी अनेकांनी पुरेशी मानली. ती आवश्यक होती, पुरेशी नव्हती. सारखीच बांधली जाणारी दुसरी द्रव्येही समांतर रेषा देऊ शकतात.

याला ठोस उत्तर समस्थानिक विरलनाने, म्हणजे जड अणूंनी खूण केलेले तेच द्रव्य मिसळून मोजण्याच्या पद्धतीने, दिले. ऊती कुटतानाच जड कार्बनचे सहा अणू वलयात असलेले इंडोल ॲसिटिक आम्ल (प्रमुख नैसर्गिक ऑक्सिन) ठरावीक प्रमाणात मिसळले, की शुद्धीकरणात मिसळलेले जड आणि ऊतीतले मूळ अशी दोन्ही रूपे सारखीच घटतात, त्यांचे गुणोत्तर टिकते आणि त्यावरून मूळ प्रमाण काढता येते. जड कार्बनऐवजी ड्युटेरियम (जड हायड्रोजन) वापरल्यास काही ठिकाणचे त्याचे अणू प्रक्रियेत निसटू शकतात, म्हणून वलयातील कार्बन अधिक भरवशाचा.

2000नंतर द्रव क्रोमॅटोग्राफी आणि टँडम (दोन टप्प्यांची) मास स्पेक्ट्रोमेट्री यांच्या जोडीने 100 मिलिग्रॅमहून कमी ऊतीत अनेक संप्रेरके एकाच वेळी मोजणे शक्य झाले. 2012च्या सुमारास आलेले ऑक्सिनचे प्रतिदीप्त (चमकेतील बदलाने खूण देणारे) संवेदक आणि त्यानंतर दोन वर्षांनी आलेले ॲबसिसिक आम्लाचे संवेदक जिवंत पेशींतील चढउतार दाखवतात, पण ग्रॅममागे किती नॅनोग्रॅम, हे त्यांच्यावरून थेट कळत नाही. एलायझाचे तयार किट आजही विकले जातात. त्यांतून मिळालेला आकडा समस्थानिक विरलनाने निदान एकदा तरी तपासलेला नसेल, तर दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी त्याची तुलना करू नये.