भरीत तिनेच केलं, ताट मात्र कोरडं

हिवाळा लागला की जळगावकडे मळ्यामळ्यात भरीत पार्ट्या सुरू होतात. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात टाकलेली बामणोदची वांगी, मिरचीचा ठसका. अशाच एका पार्टीत नात्यातली दहावीची मुलगी पाहिली. वांगी तिने भाजली, सालं तिनेच काढली, "काका, अजून एक पुरी घ्या" करत सगळ्यांना वाढलं. स्वतः बसली तेव्हा पुरीचे नखाएवढे तुकडे करून ताटाच्या कडेला लावत राहिली. मग पोट दुखतंय म्हणून गाडीत जाऊन बसली. आजी कौतुकाने म्हणाली, "कितली कामाची व्हई गई पोर!"

दुसऱ्याला पोटभर वाढायचं आणि आपण उपाशी राहायचं, हे अ‍ॅनोरेक्सियात, म्हणजे वजन वाढायच्या धास्तीने खाणं तोडण्याच्या आजारात, वारंवार दिसतं. असं का होतं, याचं एक उत्तर जुन्या प्रयोगात सापडतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा इथे शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, अर्थात त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. वजन सुमारे पाव हिश्शाने उतरलं. यांपैकी कुणाला बारीक व्हायचं नव्हतं, आरशाशी कुणाचं भांडण नव्हतं. तरी ते पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, एकेक जेवण तासभर चिवडू लागले. हळूहळू मित्र टाळू लागले, चिडचिडे झाले, थट्टामस्करी बंद पडली. म्हणजे आपण ज्याला पोरीचा 'एककल्ली स्वभाव' म्हणतो, त्यातला बराच भाग उपासमारीनेच घडवलेला असू शकतो.

बराच, सगळा नव्हे. त्या तरुणांना खायला हवं होतं; या मुलीला खाण्याची धास्ती वाटते. ती 'मी जाडी आहे' म्हणते तेव्हा आपल्याला ते नाटक वाटतं. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी रुग्णांना वेगवेगळ्या रुंदीच्या फटींतून चालायला लावलं. निरोगी स्त्रिया खांद्यांपेक्षा साधारण २५ टक्के रुंद फटीपासून अंग तिरकं करू लागल्या. अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्ण मात्र ४० टक्के रुंद फटीतही तिरक्या होत होत्या. हाडांचा सापळा झालेली मुलगी सहज मावेल अशा फटीतूनही अंग चोरून जाते. तिच्या मेंदूतला शरीराचा नकाशाच मोठा आहे. अशा मुलीला "आरशात बघ जरा" म्हणून काय उपयोग?

वयाचाही वाटा आहेच. तेरा-चौदाव्या वर्षी अंग भरतं आणि त्याच वेळी सगळं जग आपल्याकडेच बघतंय असं वाटू लागतं. आजीच्या लेखी 'अंगापिंडाने भरलेली' ही शाबासकी असते, नातीच्या मोबाइलमध्ये तीच शिवी. फिजी बेटांवरही भरलेलं अंग चांगलं मानत. १९९५ मध्ये तिथल्या एका भागात टीव्ही आला आणि तीनच वर्षांत, खाण्याबाबत धोक्याची लक्षणं दाखवणाऱ्या शाळकरी मुलींचं प्रमाण सुमारे १३ वरून २९ टक्क्यांवर गेलं. आपल्याकडे त्यात लग्नघरच्या "काय गं, तब्येत सुटली!"ची भर पडते. मुलगेही सुटलेले नाहीत. त्यांचं वेड जिम आणि दंडाच्या मापाचं, म्हणून ते आपल्याला व्यायाम वाटतो, इतकंच.

पाळी थांबणं, चक्कर, सतत गार हात, जेवल्या जेवल्या बाथरूमकडे धाव, पंगत टाळण्याची नवनवी कारणं: यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना गाठावं, मानसोपचारतज्ज्ञालाही. हा आजार जीवावर बेततो. पहिला फोन १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत क्रमांकावर केला तरी चालेल. किशोरवयीनांसाठी कुटुंबालाच उपचारात बसवणारी पद्धत लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात विकसित झाली. त्यात सुरुवातीला ताटात काय आणि किती, हे आईबाप ठरवतात आणि संपेपर्यंत शेजारी बसतात. ना ओरडणं, ना लाडीगोडी.

पार्टीतल्या त्या मुलीची आई सहा महिने अशी बसते आहे. श्रावणात कानबाईचे, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या नैवेद्याचे, रोट झाले. रोट घरच्यांनीच खायचे असतात, त्यामुळे बाहेरच्या नजरा नव्हत्या. मुलीने अर्धाच खाल्ला, तोही पाऊण तास लावून. मधेच वडिलांनी त्यांचा तो जुनाट विनोद पुन्हा सांगितला आणि ती हसली.