स्टिरिओ गिटार रिग

स्टिरिओ गिटार रिग : एकाच गिटारचा सिग्नल पेडलांमधून (पायाने चालू-बंद करायच्या, आवाज बदलणाऱ्या पेट्यांमधून) नेऊन, वाटेत त्याचे डावा आणि उजवा असे दोन फाटे करून ते दोन स्वतंत्र ॲम्पवर (सिग्नल मोठा करून स्पीकरवाटे ऐकवणाऱ्या यंत्रांवर) वाजवण्याची मांडणी. नुसते दोन ॲम्प लावल्याने स्टिरिओ होत नाही. दोन्हीकडून हुबेहूब तोच आवाज आला, तर मध्यभागी बसलेल्याला तो दोहोंच्या मधल्या एकाच जागेवरून आल्यासारखा वाटतो. आवाज वाढतो, पण पसरत नाही. पसरतो तो दोन बाजूंमधल्या फरकामुळे.

हा फरक गिटारमध्येच करायचा प्रयत्न आधी झाला. गिब्सनच्या १९५९ सालच्या ईएस-३४५ मध्ये दोन पिकअपचे (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागांचे) आवाज दोन ॲम्पकडे वेगवेगळे पाठवता येत. पण पुढे रुजली ती इफेक्टवाली पद्धत, म्हणजे गिटारमधून निघालेल्या सिग्नलवर प्रक्रिया करून फरक पाडण्याची. रोलंडच्या जेसी-१२० (१९७५) या ॲम्पमध्ये ६० वॉटचे दोन ॲम्प आणि १२ इंची दोन स्पीकर एकाच पेटीत होते. कोरस हा इफेक्ट लावला की एका स्पीकरमधून मूळ आवाज येई आणि दुसऱ्यातून सुरात किंचित हेलकावणारा. दोघांची सरमिसळ वायरिंगमध्ये नव्हे, खोलीतल्या हवेत होई. पुढच्याच वर्षी बॉसने सीई-१ या पेडलमधून तोच कोरस दोन आउटपुटसह आणला.

पेडलांचा क्रम ठरवताना स्टिरिओ कुठे सुरू होतो एवढेच पाहावे. कंप्रेसर (आवाजाचे चढउतार कमी करणारा), ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारे) ही मोनो, म्हणजे एकाच वाटेची, मंडळी आधी. कोरस, डिले (आवाज उशिराने पुन्हा ऐकवणारा), रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा देणारा) नंतर. फाटा फुटल्यावर दोन्ही वाटा एखाद्या मोनो पेडलमध्ये घुसवल्या तर आधीची सारी मेहनत तिथेच संपते. बऱ्याच पेडलांवर डाव्या आउटपुटशेजारी ‘मोनो’ असेही लिहिलेले असते. तिथे एकच केबल लावली की पेडल मोनो आवाज देते, म्हणून दुसरा जॅक नीट बसला आहे ना, हे आधी तपासावे.

खरी डोकेदुखी पेडलांची नसते, वायरिंगची असते. दोन्ही ॲम्पना आपापल्या प्लगमधून अर्थिंग मिळते आणि सिग्नल केबलच्या शील्डमुळे (तारेभोवतीच्या धातूच्या आवरणामुळे) ते पेडलबोर्डावरही जोडले जातात. असे वर्तुळ पूर्ण झाले, म्हणजे ग्राउंड लूप तयार झाला, की घूंऽऽ असा आवाज सुरू होतो. एका ॲम्पकडे जाणारी केबल काढताच तो थांबला, तर दोष इथेच आहे असे समजावे. उपाय म्हणजे एका वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सिग्नल पुढे नेणारा, पण दोन बाजूंमधला थेट विद्युत जोड तोडणारा) बसवणे. काही जण प्लगची अर्थिंगची पिनच तोडतात. घूं थांबते खरी, पण ॲम्पमध्ये बिघाड झाल्यास विजेचा धक्का तारांवर ठेवलेल्या बोटांतून वादकाला बसू शकतो. हा उपाय कधीही करू नये.

दुसरा छुपा दोष फेजचा, म्हणजे दोन सिग्नलांच्या चढउतारांच्या मेळाचा. ॲम्पमधील व्हॉल्व्हचा (काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळीचा) नेहमीचा प्रवर्धन टप्पा, म्हणजे सिग्नल मोठा करणारा टप्पा, सिग्नल उलटा करतो. म्हणून टप्प्यांची संख्या वेगळी असलेले दोन ॲम्प एकमेकांच्या विरुद्ध वाजू शकतात : एकाचा स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसऱ्याचा मागे ओढतो. फेंडरच्या १९६०च्या दशकातल्या ‘ब्लॅकफेस’ ॲम्पमध्ये तर एकाच ॲम्पची दोन चॅनेल अशी उलटसुलट असतात. दोन्ही ॲम्प शेजारी ठेवून सगळ्यात जाड तार (८२ हर्ट्‌झ) छेडावी. दोन्ही मिळून आवाज एकट्यापेक्षा पातळ, बेस हरवलेला वाटला, तर एका वाटेवर फेज उलटवणारा स्विच लावावा. असा स्विच सिग्नल दोन ॲम्पकडे वाटणाऱ्या बऱ्याच ॲम्प-स्प्लिटरवर असतोच.

फरक पाडण्याचा स्वस्त मार्ग हेल्मुट हास यांच्या १९४९च्या प्रबंधाने समजावलेल्या गुणधर्मावर चालतो : तोच आवाज दुसऱ्या बाजूने साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत आला, तर कान त्याला वेगळा प्रतिध्वनी मानत नाही. म्हणून एका बाजूला १५-२० मिलिसेकंदांचा डिले दिला की आवाज आधीच्या बाजूकडे झुकतो, पण भरघोस होतो. मात्र दोन्ही बाजू पुन्हा एकत्र झाल्या की काही वारंवारता एकमेकींना खोडतात आणि आवाज पोकळ होतो.

ॲम्प दोन-तीन मीटर अंतरावर ठेवल्यास मध्यभागी छान पसारा जाणवतो, पण कडेला बसलेल्याला जवळचाच ॲम्प जास्त ऐकू येतो. मोठ्या सभागृहातली ध्वनियंत्रणा पुष्कळदा मोनोच असते. तिथे एकाच ॲम्पपुढे माइक ठेवला, तर डावी-उजवीकडे उडणाऱ्या पिंगपाँग डिलेचे निम्मे ठोके श्रोत्यांपर्यंत पोचतच नाहीत.