मांडुळाच्या कोटींच्या अफवेची पार्श्वभूमी

इंदूरच्या आसपास शेताच्या बांधावर मांडूळ निघाले की हल्ली पहिला प्रश्न ‘चावते का?’ असा नसतो. ‘वजन किती भरेल?’ असा असतो. आपल्या मराठी घरांत दुतोंड्या आणि माळव्यात दुमुही म्हटल्या जाणाऱ्या या बिनविषारी सापाला कोटींचा भाव येतो, ही समजूत शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकू येते, याचे फार वाईट वाटते.

सरपटणाऱ्या प्राण्यांत एकेकाळी खरोखरच पैसा होता. साप, घोरपड आणि मगरीची कातडी पर्स, पट्टे व बुटांसाठी भारतातून परदेशी जात असे. कातड्यासाठीची शिकार, मासेमारीची जाळी आणि नद्यांवरील धरणे यांमुळे १९७० च्या दशकात देशातील घडियालांची, म्हणजे लांब निमुळत्या तोंडाच्या मगरींची, संख्या दोनशेच्या आसपास आली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७५ चा मगर संवर्धन प्रकल्प आणि १९७६ ची सापाच्या कातड्याच्या निर्यातीवरील बंदी, हे सारे त्याच दशकातले. मात्र त्या भरभराटीच्या काळातही प्रत्यक्ष साप पकडणारे तमिळनाडूतील इरुळा आदिवासी गरीबच राहिले. बंदीने गेलेले त्यांचे पोट पुढे १९७८ मध्ये स्थापन झालेल्या, औषधासाठी सर्पविष काढणाऱ्या सहकारी संस्थेने सावरले.

मांडुळाची गोष्ट वेगळी आहे, कारण इथे विकण्याजोगी वस्तूच नाही. त्याची शेपटी डोक्यासारखी बोथट असते आणि धोका जाणवला की ते डोके वेटोळ्यात लपवून शेपटी पुढे करते. सहा महिने एका तोंडाने व सहा महिने दुसऱ्या तोंडाने चालते, ही समजूत त्यातूनच रुजली असावी. मग त्यावर गुप्तधन, कर्करोगाचे औषध, अंगातला ‘इरिडियम’ हा दुर्मीळ धातू अशी पुटे चढली. अफवा तगली ती वजनाच्या अटीमुळे, असे मला वाटते. गिऱ्हाईक आले नाही की ‘जनावर भरले नाही, अडीच किलोचे हवे होते’ असे सांगून मोकळे होता येते, म्हणून दोष अफवेकडे न जाता सापाकडे जातो आणि नवा साप शोधला जातो. आग्नेय आशियात ‘टोके’ नावाच्या मोठ्या पालीबाबत नेमके हेच घडले: तीनशे ग्रॅमची पाल लाखमोलाची आणि एड्सवर गुणकारी, असा बोभाटा इतका झाला की २०११ मध्ये फिलिपिन्सच्या आरोग्य खात्याला लोकांना सावध करावे लागले.

पैसा फिरतो तो मधल्या माणसांतच: कोणी सौदा जुळवण्याचे टोकन घेतो, कोणी मोबाईलवर वजनकाट्यावरच्या सापाचा व्हिडिओ दाखवून आगाऊ रक्कम उकळतो. २०१६ ते २०२१ या काळात देशात मांडूळ तस्करीच्या १७२ घटना नोंदल्या गेल्या, त्यांत महाराष्ट्र सर्वांत पुढे होता. वजन वाढावे म्हणून सापाच्या पोटात लोखंडी गोळ्या कोंबल्याचे, शेपटीला दुसरे तोंड दिसावे म्हणून ती डागल्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत. अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देणारी मादी अशी पकडली गेली की पुढची वीणही तिच्याबरोबरच जाते, आणि बांधावरचे उंदीर खाणारे जनावर शेतकरी स्वतःच्याच हाताने पोत्यात भरून देतो.