जहाजावरील अग्निप्रतिबंध

जहाजावर आग लागू नये, लागलीच तर जिथे लागली तिथेच अडावी आणि जहाजावरच्याच माणसांना व साधनांना ती विझवता यावी, यासाठी केलेली जहाजाची बांधणी, यंत्रांची निगा व कर्मचाऱ्यांचा सराव या सर्वांना मिळून जहाजावरील अग्निप्रतिबंध म्हणतात. जमिनीवर हाक मारली की बंब येतो. भर समुद्रात बंबवाले, पाणी आणि पळण्याची जागा, सगळे जहाजापुरतेच असते. शिवाय आगीवर मारलेले पाणी कुठे वाहून जात नाही. ते जहाजातच साठते आणि तोल बिघडवते. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ९ फेब्रुवारी १९४२ रोजी पेटलेले ‘नॉर्मंडी’ हे प्रचंड प्रवासी जहाज दुसऱ्या दिवशी कलंडले, ते आगीपेक्षा विझवण्याच्या पाण्यानेच. म्हणून जहाजाच्या बाबतीत प्रतिबंधाला विझवण्याहून वरचे स्थान आहे.

कोळशाच्या काळात बॉयलरपुढे राबणाऱ्या भारतीय खलाशाला ‘आगवाला’ व यंत्रांना वंगण देणाऱ्याला ‘तेलवाला’ म्हणत. आग आणि तेल एकमेकांपासून दूर ठेवणे हेच आजही इंजिन रूममधल्या अग्निप्रतिबंधाचे सार आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोळशाची जागा हळूहळू तेलाने घेतली आणि धोक्याचे रूप बदलले. कोळसा बंकरमध्ये (साठवणीच्या कोठीत) आपोआप तापून धुमसत असे, पण त्याची चाहूल बहुधा आधी लागे. तेल क्षणात पेट घेते.

इंजिन रूममधील आग : येथील मोठ्या आगींचे नेहमीचे कारण म्हणजे गळलेले तेल तप्त पृष्ठभागावर उडणे. इंधनपंपापासून, इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंतच्या नळीत शेकडो बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या शेकडो पट, दाब असतो. नळीला केसाएवढी चीर पडली तरी तेल थेंबाथेंबाने गळत नाही, धुक्यासारखे फवारले जाते. जड इंधन इंजिनात जाण्यापूर्वी साधारण १३० ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेले असते. एक्झॉस्टच्या (धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या) फ्लॅंजवरचे, म्हणजे जोडकड्यावरचे, लॅगिंग (उष्णतारोधक वेष्टन) दुरुस्तीनंतर नीट बसवले नसेल, तर उघड्या पडलेल्या ३५०–४०० अंशांच्या लोखंडावर हा फवारा पडताच ठिणगीवाचून भडका उडतो.

फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ज्योत दाखवताच पेट घेते ते तापमान. त्याविषयीचा एक गैरसमज दूर करायला हवा. जहाजाच्या इंधनाचा फ्लॅश पॉइंट सर्वसाधारणपणे ६० अंशांहून कमी असू नये, असा नियम आहे (आपत्कालीन जनरेटरपुरती ४३ अंशांची सवलत आहे). त्यावरून ६० अंशांखाली तेल सुरक्षित, असा निष्कर्ष अनेक जण काढतात. तो बरोबर नाही. फ्लॅश पॉइंट मोजतात तो भांड्यात स्थिर असलेल्या तेलाच्या वाफेचा. तेच तेल बारीक तुषार झाले की त्याहून कितीतरी कमी तापमानालाही पेटू शकते. शिवाय इंजिनाशी पोचलेले जड इंधन आपल्या फ्लॅश पॉइंटच्या पलीकडे तापलेलेच असते. फ्लॅश पॉइंटची अट साठवणुकीसाठी आहे. चालू इंजिनाजवळ ती राखण करत नाही.

म्हणून ‘सोलास’ ही समुद्रावरील जीवसुरक्षेची आंतरराष्ट्रीय नियमावली दोन्ही बाजूंनी बंदोबस्त करते. उच्च दाबाच्या इंधननळीवर दुसरी नळी चढवलेली असते, त्यामुळे आतली फुटली तर तेल दोहोंमधून निचऱ्याच्या टाकीत जाते व अलार्म वाजतो. २२० अंशांहून अधिक तापणारा आणि तेल उडू शकेल असा पृष्ठभाग झाकावाच लागतो. टाक्यांवरच्या झडपा इंजिन रूमच्या बाहेरून एका झटक्यात बंद करता येतात. कागदावर एवढे पुरेसे वाटते. व्यवहारात मात्र कमी दाबाच्या साध्या नळ्या दगा देतात. पंपाच्या धडकांनी त्या सतत थरथरतात, आधाराचा एखादा क्लॅम्प दुरुस्तीत काढलेला असतो आणि पुन्हा बसवायचा राहतो. वॉचवरच्या इंजिनियरने नटाच्या बुडाशी टॉर्च तिरका धरला की कोरड्या रंगावर ओलसर चकाकी दिसते. ती आगीची पहिली खूण आहे, आणि ती डोळ्यालाच दिसते. तेल मुरलेले लॅगिंग तर दिव्याची वात होऊन बसते. ते पुसून भागत नाही, बदलावेच लागते.

तेलकट चिंध्यांबाबत मतभेद आहेत. आपोआप पेटण्याचा खरा धोका जवसासारख्या, हवेत वाळणाऱ्या वनस्पती तेलांचा. इंजिनातले खनिज वंगण तितके स्वतःहून तापत नाही, असे रसायनशास्त्राचे बहुतेक जाणकार मानतात. तरीही रंगकामाच्या व इंजिनाच्या चिंध्या एकाच डब्यात पडतात, त्यामुळे झाकणाच्या लोखंडी डब्याचा रिवाज योग्यच आहे.

क्रॅंककेसमधील (इंजिनाच्या तळाच्या, फिरता दांडा असलेल्या पेटीतील) स्फोट हा वेगळा प्रकार आहे. एखादे बेअरिंग तापले की त्यावरच्या तेलाची वाफ होते, ती थंड भागात जाऊन पांढरे धुके बनते आणि त्याच तप्त जागेला भिडून पेटते. ११ सप्टेंबर १९४७ रोजी बेलफास्टजवळ चाचणीसाठी निघालेल्या ‘रेना देल पॅसिफिको’ या जहाजावर अशा स्फोटांत २८ जण दगावले. क्रॅंककेसवरील दाबमोचक झडपांचा आग्रह या दुर्घटनेनंतर वाढला. आज २,२५० किलोवॉट किंवा अधिक शक्तीच्या, अथवा ३०० मिलिमीटरहून मोठ्या बोअरच्या (सिलिंडरच्या आतील व्यासाच्या) इंजिनाला धुके ओळखणारा डिटेक्टर किंवा तत्सम साधन लागते. अलार्म वाजल्यावर इंजिनाची गती कमी करून ते थांबवावे, झडपांसमोरून दूर व्हावे आणि क्रॅंककेसचे दार लगेच उघडू नये. आत गेलेली ताजी हवाच दुसऱ्या, अधिक मोठ्या स्फोटाला पुरते.

‘फोर्ट स्टिकिन’ व आगीच्या मूळाचा वाद : मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या मालवाहू जहाजावर १४ एप्रिल १९४४ रोजी झालेल्या स्फोटाची आग इंजिन रूमची नव्हती, मालाची होती. तरी जहाजावरच्या आगीचा अभ्यास तिच्यावाचून अपुरा राहतो. कॅनडात १९४२ मध्ये बांधलेले हे ७,१४२ टनी जहाज फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाले आणि कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत आले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी, वंगणाची पिंपे, लाकूड, गंधक व इतर माल होता. दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या होल्डमध्ये (मालाच्या कोठारात) आग असल्याचा इशारा झाला. सुमारे ९०० टन पाणी आत सोडण्यात आले, पण दाट धुरात आगीचे मूळ सापडले नाही. जहाजाच्या बाहेरच्या पत्र्यावर एका जागी रंगाला फोड आले होते, असे वर्णन मिळते. आत आग नेमकी कुठे आहे हे सांगणारी तेवढी एकच खूण होती. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. हादऱ्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाल्याचे सांगतात. मृतांचे आकडे ८०० पासून १,३०० पर्यंत दिले जातात. त्यांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण होते. १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो त्यांच्या स्मरणार्थ.

आग कशाने लागली याविषयी तीन मते आहेत. घातपाताचे मत चौकशीत टिकले नाही. होल्डमध्ये कोणीतरी टाकलेली सिगारेट हे कारण चौकशीने अधिक संभवनीय मानले. कापूस आपोआप तापून पेटला, असे तिसरे मत. ते पूर्णपणे बाजूला सारता येत नाही, परंतु कोरडा, स्वच्छ कापूस सहसा स्वतःहून तापत नाही. त्यासाठी तो ओला किंवा वनस्पती तेलाने माखलेला असावा लागतो. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय संहितेतही ओला कापूस आपोआप तापणाऱ्या पदार्थांच्या ४.२ या गटात आहे, तर कोरडे वनस्पतिजन्य धागे ज्वालाग्राही घन पदार्थांच्या ४.१ मध्ये. वंगणाच्या पिंपांचा संदर्भ या मताच्या पुष्टीसाठी दिला जातो, पण वर म्हटल्याप्रमाणे खनिज तेल तसे तापत नाही. उलट गाठीच्या तागाच्या वेष्टनावर व सुट्या तंतूंवर पडलेले थोटूक निखारा धरते आणि तो निखारा ज्वाळेवाचून आत सरकतो. दाबलेल्या गाठीत कोंडलेली हवा त्याला पुरते. पाणी गाठीवरून ओघळून जाते, आत मुरत नाही. सिगारेटचे मत त्यामुळेच अधिक पटते. मात्र कारण कोणतेही असो, कापूस आणि स्फोटके एकाच होल्डमध्ये वरखाली रचली गेली ही चूक वादापलीकडची आहे. ती आग लागण्याच्या आधी, कराचीत झाली.

कार्बन डायऑक्साइड : बंद जागेतील आगीवर हे आजही मुख्य साधन आहे. इंजिन रूमसाठी वरची निमुळती केसिंग (धुराड्याकडे जाणारी पोकळी) वगळून एकूण घनफळाच्या ४० टक्के, किंवा केसिंग धरून ३५ टक्के, यांपैकी जे अधिक भरेल तेवढा वायू ठेवतात. मालाच्या होल्डला ३० टक्के. हिशेबासाठी एका किलोग्रॅमचे ०.५६ घनमीटर धरतात. इंजिन रूममध्ये ८५ टक्के वायू दोन मिनिटांत सुटावा लागतो. तो सोडण्याची पेटी बाहेर असते. तिचे दार उघडताच आत भोंगा वाजतो, मग दोन स्वतंत्र हॅंडल ओढावी लागतात. एवढी सावधगिरी का, तर हा वायू आगीबरोबर माणसालाही गुदमरवतो. सर्वांची मोजणी झाल्याशिवाय आणि पंखे व झाकणे बंद झाल्याशिवाय हॅंडलला हात लावू नये. वायू एकदाच मिळतो. तो सोडल्यावर घाईने दार उघडले तर धुमसते पदार्थ पुन्हा पेटतात. कापसासारख्या मालात तर दिवसेंदिवस झाकणे बंद ठेवावी लागतात.

बांधणी : आग पसरू नये म्हणून भिंतींचे वर्ग ठरलेले आहेत. ए-६० वर्गाची पोलादी भिंत प्रमाणित चाचणीत तासभर ज्वाळा व धूर अडवते आणि त्या वेळात तिच्या दुसऱ्या बाजूचे तापमान सरासरीने १४० अंशांहून अधिक वाढत नाही. पण केबलसाठी पाडलेले आणि नीट न बुजवलेले एक भोक हा सगळा हिशेब मोडते. धक्क्यावरच्या नळाशी जहाजाची अग्निवाहिनी जोडणारी फ्लॅंज जगभर एकाच मापाची असते: बाहेरचा व्यास १७८ मिलिमीटर, चार खाचा, सोबत चार बोल्ट-नट व आठ वॉशर. कोणत्याही देशाचा बंब कोणत्याही जहाजाला पाणी देऊ शकतो, तो या लोखंडी चकतीमुळे. ती लाल रंगात टांगलेली असते. तिचे नट गंजलेले नाहीत ना, हे फिरवून पाहावे.

नियम व प्रशिक्षण : ‘टायटॅनिक’नंतरच्या १९१४ च्या पहिल्या ‘सोलास’ करारापासून १९७४ च्या आजच्या करारापर्यंत अग्निविषयक कलमे बहुधा दुर्घटनांमागून आली आहेत. ‘मॉरो कॅसल’ (१९३४), मुंबई–बसरा मार्गावरील ‘दारा’ (१९६१), ‘यार्माउथ कॅसल’ (१९६५) व ‘स्कॅंडिनेव्हियन स्टार’ (१९९०) ही त्यांतली काही नावे. प्रशिक्षण १९७८ च्या एसटीसीडब्ल्यू या, खलाशांचे प्रशिक्षण व प्रमाणपत्रे यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार होते. भारतात त्याची देखरेख मुंबईस्थित नौवहन महासंचालनालय करते. कोकण व गोव्यातून बोटीवर जाणाऱ्या प्रत्येक तरुणाला अग्निशमनाचा मूलभूत अभ्यासक्रम करावाच लागतो.

नवी इंधने : मेथॅनॉलचा फ्लॅश पॉइंट सुमारे १२ अंश आहे, म्हणजे इंजिन रूमच्या तापमानाला तो नेहमीच पेटण्याजोगा असतो. कमी फ्लॅश पॉइंटच्या इंधनांसाठीची आयजीएफ संहिता २०१७ पासून लागू आहे. मेथॅनॉलची ज्वाळा दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही आणि तिला धूरही फारसा नसतो. त्यामुळे तिथे टॉर्चऐवजी उष्णता टिपणारा कॅमेरा वापरावा लागतो.