एकल व्हायोलिनची लय, पट्टी आणि भाव: तीन नोंदींची पार्श्वभूमी

डिजिटल ध्वनिमुद्रणाच्या नावापुढे हल्ली तीन छोट्या नोंदी सर्रास दिसतात. मिनिटाला ८८ मात्रा ही लय, जी मायनर ही पट्टी (जी हा पायाचा स्वर, मायनर हा उदासवाणा स्वरसंच; उजळ तो मेजर), खिन्न हा भाव, अशा काहीशा. मुद्रण संपूर्ण वाद्यवृंदाचे असो की साथीविना वाजवलेल्या एकट्या व्हायोलिनचे, नोंदींचा साचा एकच असतो. प्रत्यक्षात या तिन्ही नोंदी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांतून जन्मल्या आणि बऱ्याच उशिरा एका ओळीत येऊन बसल्या. एकल व्हायोलिनच्या बाबतीत त्या सर्वाधिक डळमळतात, कारण तिथे ठेका धरणारे तालवाद्य नसते आणि स्वर पक्का करून देणारा पियानोही नसतो.

जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखच्या १७२० च्या हस्तलिखितापासून सुरुवात करणे सोयीचे आहे. एकट्या व्हायोलिनने साथीविना वाजवायच्या सहा बहुभागी रचनांचा (सोनाटा आणि पार्टिटा) हा संच असून त्यातल्या पहिल्या, जी मायनर सोनाटाचा आरंभ ‘अडाजिओ’ने होतो. हा शब्द वादकाला संथ वाजवण्यास सांगतो. किती संथ, ते सांगत नाही. मिनिटाला किती मात्रा हा प्रश्न आकड्यात विचारता येऊ लागला तो मेल्झेल या यंत्रनिर्मात्याने १८१५ मध्ये मेट्रोनोमचे, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करून लय दाखवणाऱ्या यंत्राचे, पेटंट घेतल्यानंतर. त्यामागची मूळ युक्ती ॲमस्टरडॅमच्या विंकेल या कारागिराची होती, पण नाव मेल्झेलचे झाले. बीथोव्हेनने १८१७ मध्ये आपल्या तोवरच्या आठ सिंफनींसाठी लयीचे आकडे प्रसिद्ध केले. बाखच्या पानावर मात्र असा आकडा असण्याचा प्रश्नच नव्हता.

आता हा अडाजिओ मोजून पाहू. त्याचे बार (मात्रांचे समान गट) २२, प्रत्येक बारात चार मात्रा, म्हणजे एकूण ८८ मात्रा. वादकाने तो चार मिनिटांत संपवला, तर लय मिनिटाला २२ मात्रा इतकी पडते. मेट्रोनोमच्या रूढ मोजपट्टीवरचा सर्वांत संथ आकडाच ४० असल्यामुळे ही लय त्या यंत्रावर लावताही येत नाही. वादक मनात बहुधा अर्धी मात्रा मोजतो, म्हणजे ४४. पाव मात्रा धरली तर ८८. संगणक स्वरांचे आघात शोधून त्यांच्यातली नियमितता पकडतो आणि बरे दिसेल ते उत्तर निवडतो. त्यामुळे एकाच वादनाला ४४ आणि ८८ हे दोन्ही आकडे मिळू शकतात आणि दोन्ही चूक ठरत नाहीत. गज तारेवर रेंगाळतो, सजावटीचे स्वर मात्रेला ओढून धरतात, हे तर वेगळेच.

याच अडाजिओचे एक फार जुने मुद्रण उपलब्ध आहे. १९०३ मध्ये, बहात्तरीत असलेल्या नामांकित व्हायोलिनवादक योझेफ योआखिमने बर्लिनमध्ये मुद्रणयंत्राच्या कर्ण्यासमोर उभे राहून तो वाजवला. त्या काळी तबकड्यांचा वेग मिनिटाला ७८ फेरे असा ठरलेला नव्हता. मेणावर कोरताना यंत्र ७३-७४ फेऱ्यांनी फिरत असेल आणि ऐकताना आपण तबकडी ७८ वर लावली, तर लय सुमारे सहा टक्क्यांनी वाढते आणि स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. जी मायनरचे जी शार्प मायनर होते. म्हणजे जुन्या तबकडीवर लय आणि पट्टी या दोन स्वतंत्र नोंदी नसतातच, एक हलली की दुसरीही हलते. खरा वेग शोधायला स्वराचा आधार घ्यावा, तर त्या काळचा स्वर कोणता हा प्रश्न उभा राहतो. फ्रान्सने १८५९ मध्ये वाद्ये जुळवायच्या ‘ए’ स्वरासाठी सेकंदाला ४३५ कंपने ठरवली, १८८५ च्या व्हिएन्ना परिषदेने ती मान्य केली आणि आजची ४४० कंपने १९३९ च्या लंडन परिषदेत ठरली. साथीला पियानो असता तर निदान साक्षीला कोणी मिळाले असते; एकटा व्हायोलिनवादक तार हवी तिथे लावू शकतो.

पट्टीचा घोळ जुन्या तबकड्यांपुरताच नाही. बरोक काळच्या धाटणीने वाजवणारे आजचे अनेक वादक ‘ए’ ४१५ कंपनांवर, म्हणजे सुमारे अर्धा स्वर खाली लावतात. त्यांचे जी मायनर संगणकाच्या कानाला एफ शार्प मायनर ऐकू येते. वादकाच्या दृष्टीने मात्र ते जी मायनरच असते, कारण जी आणि डी या मोकळ्या तारा तशाच गुंजतात, बोटे त्याच जागी पडतात आणि वाद्याचा आवाज त्या तारांवरूनच घडतो. हस्तलिखितात तर आणखी एक गंमत आहे. जी मायनरला दोन फ्लॅट (स्वर अर्ध्याने उतरवणारी चिन्हे) लागतात, पण बाखने जुन्या पद्धतीने सुरुवातीला एकच लिहिला आहे आणि दुसरा जागोजागी स्वरांपुढे दिला आहे.

भावाची नोंद सर्वांत जुनी आणि सर्वांत सैल. जर्मन संगीतकार आणि लेखक योहान मॅथेसनने १७१३ मध्येच प्रत्येक पट्टीचा स्वभाव लिहून ठेवला होता. त्याला डी मायनर भक्तिपर आणि शांत वाटे. पुढच्या काळात त्याच पट्टीला इतरांनी विषादाची म्हटले. १९३० च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केट हेवनरने विशेषणांचे आठ गट वर्तुळात मांडले आणि लय, मेजर-मायनर असे घटक बदलून तीच रचना श्रोत्यांना ऐकवली. त्यांनी निवडलेल्या शब्दांवरून कोणत्या घटकाचा परिणाम किती, हे तिने तपासले. १९८० मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेलने भावना दोन अक्षांवर मांडल्या, एक सुखद ते दुःखद आणि दुसरा शांत ते उत्तेजित. २००५ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१४ मध्ये स्पॉटिफायने विकत घेतलेल्या एको नेस्ट या संगीत-विश्लेषण कंपनीने गाण्याची प्रसन्नता ० ते १ मधल्या एका आकड्यात बसवली, तीही याच धाटणीची.

बाखच्या त्याच संचातल्या डी मायनर पार्टिटाचा शेवट ‘शाकोन’ या दीर्घ भागाने होतो. त्याच्या अडीचशेहून अधिक बारांपैकी मधले सुमारे ७५ बार डी मेजरमध्ये आहेत. ते सुरू होतात तेव्हा गजाचा दाब हलका होतो, स्वर उजळतात, आणि मायनर परत येते तेव्हा ते आधीच्या मायनरसारखे राहत नाही. नोंदीत मात्र पूर्ण शाकोनसाठी एकच पट्टी लिहिलेली असते, डी मायनर, आणि भावाचा एकच आकडा.